मेसोपोटेमियातील मराठी शिपाई : शिधा, टपाल आणि घरची ओढ

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानाबाहेर गेलेल्या हिंदी मनुष्यबळाचा सर्वांत मोठा वाटा फ्रान्समध्ये नव्हे, तर तेव्हा तुर्की साम्राज्याच्या ताब्यात असलेल्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कामी आला. लढाऊ शिपाई आणि बिनलढाऊ कामकरी मिळून सुमारे ५ लाख ८८ हजार हिंदी माणसे या आघाडीवर धाडली गेली, आणि त्यांतली पहिली तुकडी ६ नोव्हेंबर १९१४ रोजी इराणी आखाताच्या उत्तर टोकाशी फाओ येथे उतरली, ती सहाव्या डिव्हिजनची होती. शांततेच्या काळात हिचे ठाणे पुण्याला असल्यामुळे लष्करी कागदपत्रांत तिला ‘पुणे डिव्हिजन’ असेच म्हटले जाई. या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. पुढे १०५ आणि ११४ या पलटणीही त्याच आघाडीवर आल्या. या पलटणींमध्ये दख्खनी मराठे, कोकणी मराठे आणि दख्खनी मुसलमान अशा वेगवेगळ्या कंपन्या असत, त्यामुळे सातारा, कोल्हापूर, पुणे, रत्नागिरी आणि सावंतवाडी या मुलखांतील शेतकरी घरांची मुले एकाच छावणीत राहत असली तरी त्यांची चूल, बोलीची ढब आणि आठवणीतले गाव ही वेगवेगळी होती.

या मोहिमेचा इतिहास बहुतेक वेळा लढायांच्या क्रमाने सांगितला जातो : एप्रिल १९१५ मध्ये शैबा, जूनमध्ये अमारा, जुलैमध्ये नासिरिया, सप्टेंबरअखेर कूत, नोव्हेंबरमध्ये टेसिफोन, आणि मग माघार व कूतचा वेढा. त्या लढायांची वर्णने इंग्रज अधिकाऱ्यांनी सविस्तर लिहून ठेवली, परंतु ज्याला महिना ११ रुपये पगार होता आणि ज्याला बहुधा स्वतःचे पत्रही दुसऱ्याकडून लिहवून घ्यावे लागे, त्या शिपायाचा नेहमीचा दिवस कसा जाई, हे शोधायचे तर शिध्याची कोष्टके, वैद्यकीय अहवाल, टपालाची व्यवस्था आणि चौकशी आयोगांपुढील साक्षी यांकडे वळावे लागते. दवाखान्यात काम करणाऱ्या बंगाली माणसांनी, विशेषतः बेंगॉल ॲम्ब्युलन्स कोअरमधील शिशिर प्रसाद सर्वाधिकारी यांनी, आपले अनुभव पुढे पुस्तकरूपाने मांडले; मराठी शिपायाच्या वाट्याला असा लेखक आला नाही, म्हणूनच त्याच्या दिवसाची मांडणी अशा विखुरलेल्या साधनांतून करणे हे काम अधिक आस्थेने व्हायला हवे.

मेसोपोटेमियाचे वाळवंट वाळूच्या टेकड्यांचे नव्हते. तैग्रिस आणि युफ्रेटिस या दोन नद्यांनी हजारो वर्षे आणून टाकलेल्या गाळाची ती सपाट, झाडोऱ्याविना पसरलेली जमीन होती. नदीकाठची खजुराची रांग संपली की दगड नाही, सावली नाही, टेकडी नाही, आणि सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाच्या नजरेला टेकायला काहीही नाही. उन्हाळ्यात सावलीतला पारा ४५ ते ५० अंश सेल्सियसपर्यंत चढे, तंबूच्या आत तो त्याहून वर जाई. भर दुपारी मृगजळामुळे लांबचा घोडेस्वार हवेत तरंगताना दिसे आणि तोफखान्याला अंतराचा अंदाज घेणे अशक्य होई. वसंतात उत्तरेकडील डोंगरांवरचे बर्फ वितळून नद्यांना पूर येत आणि तेच वाळवंट मैलोन्‌मैल उथळ पाण्याखाली जाई. मे १९१५ च्या अखेरीस कुर्ना येथे इंग्रजी फौजेने ‘बेल्लम’ नावाच्या, बांबूने ढकलत न्यायच्या स्थानिक होड्यांतून चढाई केली, तेव्हा १०३ मराठा पलटणीच्या शिपायांनाही आधी होडी हाकण्याचे शिक्षण घ्यावे लागले. हिवाळ्यात उलट गारठा आणि चिखल असे. जानेवारी १९१६ मध्ये हन्ना येथील हल्ल्यानंतर जखमी माणसे रात्रभर थंड पावसात चिखलात पडून राहिली आणि त्यांतली अनेक जखमांनी नव्हे, गारठ्याने मेली.

अशा मुलखात दिवस उजाडण्याच्या आधीच सुरू होई. पहाटेचा अंधार ही हल्ल्याची वेळ मानली जात असल्यामुळे सर्वांनी बंदुका घेऊन खंदकात सज्ज उभे राहायचे, या रिवाजाला फौजेत ‘स्टँड-टू’ म्हणत. उजाडल्यावर पहारे बदलत, मग खंदक खणणे, बांध घालणे, नदीवरून रसद उतरवणे अशी कामे लागत, कारण या आघाडीवर कुदळ-फावड्याचे काम बंदुकीच्या कामापेक्षा कितीतरी जास्त होते. उन्हाळ्यात सकाळी आठ-नऊनंतर उघड्यावर काम करणे जिवावर बेते, म्हणून शिपाई तंबूत पडून राहत, आणि या पडून राहण्याच्या तासांतच माश्यांचा त्रास, वाळूमाशीच्या चाव्याने येणारा तीन दिवसांचा ताप आणि रिकामे डोके ही तिन्ही एकदम अंगावर येत. पिण्याचे पाणी नदीचेच असे. भिस्ती, म्हणजे कातडी पखालीतून पाणी वाहणारे कामकरी, ते छावणीत आणत, पण ते शुद्ध करण्याची व्यवस्था पहिली दोन वर्षे तोकडी राहिली आणि १९१६ च्या वसंतात वेढा फोडण्यासाठी निघालेल्या फौजेत पटकी पसरली.

दिवसाच्या मध्यावर उभा असे तो शिधा. हिंदी शिपायाला रोज दीड पौंड, म्हणजे सुमारे ६८० ग्रॅम, गव्हाचा आटा किंवा तांदूळ, चार औंस डाळ, दोन औंस तूप, थोडा गूळ, मीठ, मिरची आणि मिळाले तर बटाटे असा शिधा ठरलेला होता. कागदावर हा शिधा पोटभर दिसतो, आणि अनेक घरांत तुपाचे दर्शन सणालाच होत असल्याने काही बाबतींत तो घरच्या जेवणापेक्षा सढळ होता हेही मान्य केले पाहिजे. तरीही देशावरच्या माणसाची भाकरी ज्वारीची किंवा बाजरीची, कोकणातल्या माणसाचे जेवण भात, नाचणी आणि मासळीचे. दोघांनाही महिनोन्‌महिने गव्हाच्या आट्याची चपाती आणि एकाच चवीची डाळ खावी लागे. सरपण दुर्मिळ असल्यामुळे वाळवंटातल्या काटेरी झुडपांवर जाळ करावा लागे आणि घाईच्या कूचमध्ये चपाती अर्धवट भाजलेलीच निघे. भाजीपाला आणि ताजे मांस यांचा पुरवठा बसऱ्याच्या बंदरावर अडे, कारण त्या बंदरात जहाजाला लागण्यासारखा धक्काच नव्हता. माल मध्य प्रवाहात होड्यांवर उतरवून घ्यावा लागे, नदीतून वर नेण्यासाठी पुरेशा आगबोटी नव्हत्या, आणि ज्या होत्या त्यांत दारूगोळ्याला पहिली जागा मिळे. घरच्या जेवणाची आठवण हा म्हणूनच हळवेपणाचा विषय नव्हता. १९१६ च्या उत्तरार्धात हजारो हिंदी शिपाई स्कर्व्हीने, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावी हिरड्या सुजून रक्त येणाऱ्या आणि जुन्या जखमा पुन्हा उघडणाऱ्या रोगाने, इस्पितळात पडले.

या रोगावरचा एक उपाय मराठी स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या होत आला होता, ही गोष्ट इतिहासकारांनी क्वचितच जोडून पाहिली आहे. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युद्धाच्या उत्तरार्धात केलेल्या प्रयोगांतून असे दाखवून दिले की कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही रोखण्याचा गुण नसतो, परंतु तेच कडधान्य भिजवून त्याला मोड आणले की तो गुण निर्माण होतो. आणि मेसोपोटेमियातील हिंदी फौजेसाठी मोड आलेल्या कडधान्यांची शिफारस करण्यात आली. मटकी, मूग आणि वाल यांना मोड आणून उसळ करणारी आई किंवा बायको ज्याच्या घरी होती, त्या शिपायाला या शोधात नवे काही शिकायचे नव्हते. अडचण शिध्याच्या स्वरूपात होती : सरकारी शिध्यात मिळे ती डाळ, म्हणजे भरडून दोन फाकी केलेले दाणे, आणि भरडलेल्या दाण्याला मोड येत नाहीत. अख्खे कडधान्य, एक ओले फडके आणि दोन दिवसांची उसंत एवढ्यावर जे टळू शकत होते, ते आजारपण शिध्याचे कोष्टक ठरवणाऱ्यांना शिपायाच्या घरच्या चुलीची माहिती नसल्यामुळे ओढवले, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

जेवणाच्या खालोखाल जीव अडकलेला असे तो टपालात. मोहिमेवरच्या फौजेसाठी ‘फील्ड पोस्ट ऑफिस’, म्हणजे पलटणींबरोबर हलणारी टपाल कचेरी, असे आणि तिथे हिंदुस्थानची तिकिटे ‘आय. ई. एफ.’, म्हणजे हिंदी मोहीम फौज, अशी अक्षरे वर छापून विकली जात. मुंबई ते बसरा हा आगबोटीचा प्रवास सुमारे आठवड्याचा असला तरी बसऱ्याहून आघाडीपर्यंत आणि मुंबईहून वाडीपर्यंत पत्र पोचायला लागणारा वेळ यांची बेरीज मोठी होई. अक्षर येणारा एखादा नाईक किंवा कारकून अनेकांची पत्रे लिहून देई, गावाकडे ती शाळामास्तर किंवा कुलकर्णी वाचून दाखवी. मोडी आणि बाळबोध, म्हणजे देवनागरी, या दोन्ही लिप्या तेव्हा चालत. अशा पत्राला दोन्ही टोकांना परके कान असत आणि मधे लष्करी तपासनीस असे. शिरसाष्टांग नमस्कारापासून येथील क्षेम आणि तिकडील क्षेम कळविण्याच्या विनंतीपर्यंतचा ठरलेला मायना या परिस्थितीत मोठ्या उपयोगाचा होता, कारण बायकोची चौकशी जिथे उघडपणे करणे रीतीला धरून नव्हते, तिथे ‘घरची मंडळी’ या दोन शब्दांत ती मावे, आणि बैल, विहीर, पाऊस, सावकाराचा हप्ता यांच्या चौकशीत बाकीचे सारे सांगून होई. पत्राबरोबर पैसाही जाई. पगारातला ठरावीक भाग परस्पर घरी पोचवण्याची सोय होती आणि मनीऑर्डर आली म्हणजे माणूस जिवंत आहे, असा तिचा अर्थ लावला जाई. ती थांबली की घरात धास्ती शिरे.

या सगळ्याची कसोटी कूत येथे लागली. टेसिफोनहून मागे हटलेली, सहाव्या डिव्हिजनचे सेनापती चार्ल्स टाउनशेंड यांची फौज ३ डिसेंबर १९१५ रोजी तैग्रिसच्या वळणात वसलेल्या या गावात शिरली, काही दिवसांतच तुर्कांनी तिला वेढले, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी आत होत्या. जवळपास पाच महिने टपाल बंद होते. बाहेरच्या जगाशी संबंध राहिला तो बिनतारी यंत्राचा आणि अधूनमधून येणाऱ्या विमानांचा. वेढा फोडण्यासाठी खालच्या अंगाने येणाऱ्या फौजेच्या तोफा आतल्या माणसांना ऐकू येत. त्या फौजेची या प्रयत्नांत सुमारे २३ हजार माणसे मेली किंवा जायबंदी झाली, पण फौज पोचली नाही. गावात धान्य सापडले तेव्हा ते दळायला जाती अपुरी पडली, म्हणून जात्याचे दगड विमानातून टाकावे लागले. एप्रिलच्या उत्तरार्धात विमानांनी आटा, साखर, मीठ अशी रसद टाकली. वेढ्यातल्या फौजेला हवेतून अन्न पुरवण्याचा हा जगातला पहिला मोठा प्रयत्न मानला जातो, पण त्या काळच्या विमानांची ताकद पाहता इतक्या तोंडांना ती पुरणे शक्यच नव्हते. मार्चअखेरीपासून शिपाई जमिनीवर उगवलेला हिरवा पाला गोळा करून शिजवू लागले, आणि पावसाळ्यात रानभाज्या ओळखून खुडण्याची सवय असलेल्या शेतकऱ्याच्या पोरांना परक्या मातीतला कोणता पाला खाण्याजोगा आणि कोणता विषारी हे नव्याने शिकावे लागले.

घोड्यांचे आणि खेचरांचे मांस मात्र हिंदी शिपायांनी फार मोठ्या संख्येने नाकारले, आणि या नकाराचा अर्थ लावताना आजवरच्या लेखनात बरीच गल्लत झाली आहे. वेढ्यातले मुख्य वैद्यकीय अधिकारी पॅट्रिक हेहिर यांच्या अहवालातून एक विलक्षण गोष्ट पुढे येते : सुरुवातीला पांढऱ्या पिठाचा पाव खाणाऱ्या गोऱ्या शिपायांना बेरीबेरी, म्हणजे ‘ब’ जीवनसत्त्वाच्या अभावी पाय सुजवणारा आणि नसा दुखावणारा रोग, झाला आणि आटा खाणारे हिंदी शिपाई त्यापासून वाचले, पुढे घोड्याचे मांस खाणारे गोरे स्कर्व्हीपासून वाचले आणि ते न खाणारे हिंदी शिपाई त्या रोगाने खचले. टाउनशेंड यांनी आणि त्यांच्यामागून बहुतेक इंग्रज लेखकांनी या नकाराला धार्मिक हट्ट ठरवून बचावाच्या अपयशाचा काही भार त्यावर टाकला. परंतु शिपायांनी दिलेली कारणे ज्या स्वरूपात नोंदली गेली आहेत, त्यांत देवाच्या कोपापेक्षा गावाचा उल्लेख ठळक आहे : हे मांस खाल्ल्याचे कळले तर जातीबाहेर टाकतील, पंगतीला बसू देणार नाहीत, मुलींची लग्ने अडतील. हा परत जाऊ इच्छिणाऱ्या माणसाचा विचार आहे. घर ही जागा नुसती भिंती आणि शेत यांची नसते, तिथे परत घेतले जाण्याच्या अटी असतात, आणि उपाशी शिपाई त्या अटी शेकडो कोसांवरून पाळत होता. घरच्या ओढीचे याहून कठोर रूप या आघाडीच्या इतिहासात दुसरे नाही. हिंदुस्थानातल्या धर्मपुढाऱ्यांकडून परवानगीच्या तारा मागवून त्या वाचून दाखवण्यात आल्या, आणि एप्रिलमध्ये शिधा अगदीच घटल्यावर पुष्कळांनी मांस खायला सुरुवात केली, पण तोवर शरीरे पोखरून गेली होती. जातीच्या ज्या धाकाने माणसांना मरणाच्या दारात नेले, तो धाक निरपराध होता असे कोणी म्हणू नये. तो शिपायाने निर्माण केलेला नव्हता, एवढेच नोंदवायला हवे.

शरणागतीनंतर सुमारे १३ हजार माणसे कैदेत गेली. त्यांना बगदाद, मोसुल या मार्गाने रास-अल-ऐनकडे उन्हातून चालवत नेले गेले, अनेक वाटेतच पडले, आणि उरलेल्यांतले पुष्कळ जण बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपले गेले. त्यांच्या घरी महिनोन्‌महिने ना मृत्यूची तार आली ना जिवंत असल्याची खबर. ‘बेपत्ता’ या सरकारी शब्दाने सवाष्णीला धड सवाष्ण राहू दिले नाही आणि विधवाही होऊ दिले नाही.

कूतच्या पराभवाने आणि जखमींच्या हालांच्या बातम्यांनी इंग्लंडमध्ये गहजब झाला. टेसिफोनहून जखमींना भरून आणणाऱ्या आगबोटीची घाण आणि दुर्गंधी पाहून मेजर कार्टर या डॉक्टरांनी जे सांगितले, ते चौकशीसाठी नेमलेल्या मेसोपोटेमिया कमिशनच्या १९१७ च्या अहवालात जसेच्या तसे आले आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. त्यानंतर बसऱ्याला धक्के, नदीकाठाने रेल्वे आणि नवी इस्पितळे झाली, भाजीचे मळे लावले गेले, शिधा सुधारला. ११ मार्च १९१७ रोजी बगदाद पडले. उन्हाळ्यापुढे मात्र सुधारणांचे काही चालले नाही. जुलै १९१७ मध्ये रमादीवरचा पहिला हल्ला मागे घ्यावा लागला तेव्हा झालेल्या हानीत निम्म्याहून अधिक माणसे उष्म्याने पडलेली होती. ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस शर्कात येथे ११४ मराठा पलटणीने जी झुंज दिली तिच्याबद्दल एकट्या त्या पलटणीला २८ शौर्यपदके मिळाली, आणि ११७ पलटणीला पुढे ‘रॉयल’ हा किताब देण्यात आला.

त्याच वर्षी काळजीची दिशा उलटली. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरातून शिरलेल्या इन्फ्लुएन्झाने त्या वर्षअखेरपर्यंत मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे नेली, दख्खनच्या जिल्ह्यांना त्याचा जबर तडाखा बसला, आणि त्यातच पावसाने दगा दिला. चार वर्षे गाव शिपायाच्या पत्राची वाट पाहत होते; आता छावणीतला शिपाई गावाच्या पत्राला भिऊ लागला. युद्ध नोव्हेंबरात संपले तरी सुटका लगेच झाली नाही, कारण इराकवर ताबा ठेवायला फौज हवी होती आणि १९२० मध्ये तिथे इंग्रजांविरुद्ध मोठा उठाव झाल्यावर तर हिंदुस्थानातून आणखी पलटणी बोलवाव्या लागल्या.

या इतिहासात ज्यांचा उल्लेख आणखीच तुटपुंजा येतो, ते भिस्ती, खेचरवाले, डोलीवाले आणि हमाल होते. हिंदुस्थानातल्या तुरुंगांतून शिक्षेत सूट देण्याच्या बोलीवर नेलेल्या कैद्यांच्या तुकड्याही त्यांत होत्या. महारांच्या वाट्यालाही अशीच उपेक्षा आली : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांना फौजेची दारे बंद करण्यात आली होती आणि त्या समाजाचे पुढारी गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज केले होते. माणसांची चणचण भासल्यावर १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी करण्यात आली आणि १९२१ मध्ये ती मोडूनही टाकण्यात आली.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे या गावातील ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले आणि त्यांची स्मृती गावातल्या स्मारकावर आहे. गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला आहे. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि थडगे न लाभलेल्या चाळीस हजारांवर सैनिकांसाठी इंग्रजांनी बसऱ्याला स्मारक उभारले, पण त्याच्या भिंतींवर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली गेली आणि साध्या हिंदी शिपायांच्या बाबतीत पलटणीचे नाव व मृतांची संख्या एवढेच लिहिले गेले. ते स्मारक १९९७ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या हुकुमाने नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात हलवण्यात आले. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ मध्ये हा भेदभाव झाल्याचे मान्य करून माफी मागितली, आणि जी नावे दगडावर आली नाहीत ती नोंदवह्यांतून शोधून लावण्याचे काम आता चालू आहे.